दशलक्ष भागांत

जी-फोर म्हणजे काय, घरी विचारतात.
मी सांगते : स्थळ नुसतं कानावर आलंय.
पत्रिका नाही, बघण्याचा कार्यक्रम नाही,
ड्रिलिंग तर फारच लांब.
एक टोपोशीट, आणि तिच्यावर
पेन्सिलीने काढलेला संशय.

देवलापारच्या पुढे जीप थांबते.
सकाळचे सात, हातोड्याचा दांडा आत्ताच कोमट.
झनकलाल उईके पुढे चालतो. त्याच्या खांद्यावर
कापडी पिशव्या, ऐंशी नंबरची चाळणी
आणि माझ्या वाटचं अर्धं पाणी.
कोरड्या नाल्याच्या वळणावर, जिथे पूर दमून बसतो,
तिथली वीतभर खालची माती उकरायची,
चाळायची, भरायची, गाठ मारायची.
पिशवीवर आकडा, वहीत आकडा,
फोनमध्ये अक्षांश-रेखांश :
एका मुठीला तीन साक्षीदार.

"काय शोधून रायल्या बाई तुम्ही?"
लिथियम.
"कसं दिस्ते?"
दिसत नाही, झनकलाल.
धातूंमधलं सगळ्यात हलकं, पाण्यावर तरंगेल इतकं,
पण एकटं राहायची सवय नाही त्याला,
कुठल्यातरी दगडात पोटभाडेकरू असतं.
जांभळट अभ्रक दिसलं तर सांग.

तो दोन दिवस काही बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी डबा उघडताना म्हणाला,
"आमच्या भितीले सारं अभ्रकच हाये. कंदिलात लखलखते."
गेलो. भिंगाला डोळा लावून मी
एका घराच्या भिंतीशी नाक टेकवून उभी,
आणि मागे त्याची सून, डोक्यावर घागर तशीच.
पांढरं. साधं मस्कोव्हाइट.
"चांगलं हाये का?" तिने विचारलं.
छान सारवलंय, मी म्हटलं.
ती हसली. माती कुठून आणता,
हे मात्र विचारलंच मी,
आणि नकाशावर टिंब दिलं.
द्यावंच लागतं.

नागपूरला सेमिनरी हिल्सवर
एकशे बारा पिशव्यांचं पीठ झालं, मग आम्ल, मग वाट पाहणं.

घरी हेमराज.
एका एप्रिलच्या रात्री अकरा कूलर बुक करून आलेला माझा भाऊ,
"अख्ख्या नंदनवनला गार करतो" म्हणत,
आणि नंतर तीन महिने
भिंतीकडे तोंड करून निजलेला.
आता सकाळी एक गोळी, रात्री एक.
मीठ सोडायचं नाही. उन्हाळ्यात
आई त्याला तांब्या मोजून पाणी पाजते,
पारा शेहेचाळीसला गेला की
रक्तातलं औषध घट्ट होतं म्हणून.
गोळीच्या पाकिटावरचं नाव
मी ऑफिसात दिवसातून चाळीस वेळा लिहिते.
घरी आम्ही तिला नुसती "गोळी" म्हणतो.

दोन्ही रिपोर्ट एकाच संध्याकाळी आले.
मातीचा : सगळ्यात वरचा आकडा चौतीस पीपीएम.
म्हणजे काही नाही. कुठल्याही अंगणात एवढं निघेल.
शेरा लिहिला : पुढील कामाची शिफारस नाही.
हेमराजचा : शून्य पूर्णांक सात.
डॉक्टरांनी बरोबरची खूण केलेली.

एककं वेगळी होती, म्हणून लिफाफ्याच्या पाठीवर
सातने गुणून पाहिलं, सवयीने.
पाच.
दशलक्ष भागांत पाच.
दगडात एवढं सापडलं असतं
तर मी ओळ खोडून पुढे गेले असते.
पाचावर तो सकाळी दाढी करतो,
आईशी भांडतो, दुधाचा हिशेब ठेवतो,
अकराऐवजी एकाच कूलरमध्ये पाणी भरतो.

फोन वाजला. झनकलालचा फोटो :
तळहाताएवढा दगड, शेजारी
मापासाठी त्याचा अंगठा,
हे मीच शिकवलेलं. खाली व्हॉइस मेसेज,
"बाई, हा पहा जी. रंग पहा."
मी बोटांनी मोठं करून पाहिलं.
जांभळा आहे,
की तिकडे दिवस मावळतोय?

हेमराज मागून वाकला. बराच वेळ बघत राहिला.
"ही तर माझी गोळी," म्हणाला, "सालासकट."
आणि झाकणभर पाण्यासोबत
रात्रीची गिळून टाकली.

वहीचं पान उलटून मी लिहिलं :
दे-११३.
पुढचा रकाना रिकामा ठेवला.